दरीकडची बाजू

“पण तू कडेला गेलीसच कशाला?”

दर रविवारी कपिल ऊर्मिलाला हे विचारायचा. कधी तिच्या खुर्चीचा ब्रेक लावता लावता, कधी तिच्यासाठी आणलेलं सफरचंद कापताना. आवाज चढवायचा नाही. एखादं यंत्र का बंद पडलं ते शोधणाऱ्या माणसासारखा विचारायचा. त्याचं कामच ते. जर्मनीतल्या येनामध्ये भिंगं बनवणाऱ्या कंपनीत तो मशिनं लावतो.

“तू दहा वर्षं डोंगर चालतेस. वाट अरुंद असली की डोंगराच्या अंगाने राहा, हे तूच सगळ्यांना सांगायचीस. मग तू दरीकडे का उभी राहिलीस? फोटो काढत होतीस ना?”

“हो,” ऊर्मिला म्हणायची. “फोटो काढत होते.”

तिच्या हातात तेव्हा फोन नव्हता. तो तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता. मला माहीत आहे, कारण मी तिच्यापासून चार पावलांवर होतो.

मी कपिलचा बाप, विष्णू. आमचं घर फलटणकडचं, वडाराचं. माझ्या बापाने दगड फोडला, मीही फोडला, आणि पुढे रचायलाही शिकलो. शेतांच्या ताली, विहिरींची बांधणी, घाटरस्त्यांच्या कडेच्या भिंती. चाळीस वर्षं हेच केलं. कपिल शिकला, इंजिनियर झाला, त्याच्या कॉलेजातल्या पुण्याच्या ऊर्मिलाशी त्याने लग्न केलं आणि दोघं जर्मनीला आली. माझी बायको यमुना गेल्यावर त्याने मलाही इकडे आणलं. नात अन्वी तेव्हा सात वर्षांची होती, आता अकराची आहे.

आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही. त्यात राग नसतो, मान असतो. यमुना होती तेव्हा मी तिच्यामार्फत बोलायचो, इकडे आल्यावर अन्वीमार्फत. “अन्वी, आईला सांग, आमटी चांगली झाली.” अन्वी ते जर्मनमध्ये सांगायची, ऊर्मिला मराठीत उत्तर द्यायची, तेही अन्वीलाच. सगळे एकाच टेबलावर बसलेले असायचो. कपिल हसायचा. “आल्झो, तर मग आप्पा, एका खोलीत राहून हे पोस्टाने पत्र पाठवणं चाललंय.”

ऊर्मिलाला सुरुवातीला हे अवघड गेलं असणार. ती शिकलेली, ऑफिसात चार पुरुषांना कामं सांगणारी बाई. पण तिने पाळलं. मी जिन्यात मागून आलो की ती कठड्याला लागून उभी राहायची आणि मला पुढे जाऊ द्यायची. ‘असू दे पोरी’ असं मी एकदाही म्हटलं नाही. मला ते बरं वाटायचं.

मागच्या ऑक्टोबरात अन्वीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही चौघं इटलीला गेलो. ऊर्मिलाने ती सहल वर्षभर आधी ठरवली होती. समुद्रापासून आत, डोंगरात, जुनी गावं आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात पायी जायचं, असं पाच दिवस. सामान एक माणूस गाडीतून पुढच्या मुक्कामाला नेऊन टाकतो, आपण पाण्याची बाटली आणि पाव घेऊन चालायचं. वाटेवर दगडांना नि झाडांना तांबड्या-पांढऱ्या रंगाचे पट्टे असतात. पट्टा दिसला की समजायचं, वाट बरोबर आहे. अन्वी पट्टे शोधत पुढे पळायची.

मला त्या मुलखाने वेड लावलं. डोंगराचा डोंगर पायऱ्यांसारखा कापलेला, आणि प्रत्येक पायरीला दगडाची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या तालींसारख्याच, पण दहा पट उंच आणि मैलोन्‌मैल. वर ऑलिव्हची झाडं, झाडांखाली जाळी अंथरलेली. गावं अशी की दोन घरांमधून खेचर कसंबसं जाईल. छपरं दगडाची, पायऱ्या दगडाच्या, पाण्याचं टाकं दगडाचं, त्याच्या कडा धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. गावात माणसं मात्र थोडी. एका गावात आम्हाला तीन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा दिसला. मुलं शहरात गेली म्हणे. भिंती रचणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मधे मधे भिंत ढासळलेली, दगड खालच्या पायरीवर पसरलेले.

मी चालता चालता थांबायचो. “हा बंधाचा दगड बघ, भिंतीत दोन हात आत गेला असेल.” “इथे मागे पाणी साठतंय.” “ही अजून शंभर वर्षं हलायची नाही.” ऊर्मिला अन्वीला म्हणायची, “आबांना विचार, पगार कोण देणार आहे?” आणि मीही अन्वीलाच म्हणायचो, “आईला सांग, जेवण दिलं तरी पुरे.” दोन दिवस असे हसण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी एका वळणावर मी भिंतीतली निखळलेली दगडाची चीप परत बसवायला गेलो. वरच्या शेतातला म्हातारा आला आणि माझ्यावर ओरडायला लागला. भाषा कळत नव्हती, पण मी त्याची भिंत उचकटतोय असं त्याला वाटलं हे कळलं. कपिलने हात जोडून माफी मागितली. गाव मागे पडल्यावर तो मला म्हणाला, “आप्पा, आपण सुट्टीवर आलोय. मुकादमी नको. चारशे वर्षं उभ्या आहेत या भिंती. हातही लावू नका आणि काही बोलूही नका, प्लीज.”

मी बरं म्हटलं. मुलासमोर परक्या माणसाने मला झापलं होतं, आणि मुलानेही. संध्याकाळी मी जेवलो नाही. ऊर्मिलाने अन्वीच्या हाती माझ्या खोलीत सूप पाठवलं.

रात्री पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं आणि वाट ओली. कपिल आणि अन्वी पुढे गेले. ऊर्मिला मध्ये होती. मी गुडघ्यांना तेल चोळत बसलो म्हणून मागे राहिलो, पण मग नेहमीच्या चालीने निघालो तर तिला गाठलं. वाट तिथे दोन हात रुंद. डाव्या अंगाला वरच्या पायरीची भिंत, उजव्या अंगाला खालची दरी. वाटेला तोलून धरणारी भिंत दरीकडे होती, दोन पुरुष उंच. वाट वळत होती, त्यामुळे पुढच्या भागाची भिंत मला बाहेरून दिसत होती.

त्या भिंतीचं पोट सुटलं होतं. वरच्या थरात कोणीतरी कधीतरी सांध्यांमध्ये सिमेंट भरलं होतं, चांगलं करायला म्हणून. सिमेंट भरलं की पाणी बाहेर यायला जागा राहत नाही. आतली माती फुगते आणि भिंत मधोमध बाहेर येते. ही हातभर बाहेर आली होती. खालच्या थरातून चिखल गळत होता. अशी भिंत माझ्या कामावर दिसली असती तर मी शिट्टी मारून बायका-पोरं मागे घेतली असती.

मी बोललो नाही. काल सांगितलं होतं ना बोलू नका, असं मनात आलं. म्हटलं, आतल्या अंगाने गेलं की झालं, ती डोंगराकडूनच चालली होती. तेवढ्यात माझ्या बुटांचा आवाज तिच्या कानावर गेला. तिने मागे बघितलं, मान जरा खाली केली, आणि मला वाट द्यायला बाजूला सरकली. आतली बाजू मला मोकळी केली आणि स्वतः दरीकडे उभी राहिली. जिन्यात राहायची तशी.

बरोबर त्या पोटावर.

माझं तोंड उघडलं. चौदा वर्षांत मी तिला कधी हाक मारली नव्हती. तोंडात तिचं नाव नव्हतंच. मी ओरडलो, “अन्वी, आईला सांग—”

अन्वी वीस पावलं पुढे होती. माझ्या हाकेने ती मागे वळली. त्यामुळे तिने ते सगळं पाहिलं. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं ओतल्यासारखा झाला. वाटेचा अर्धा भाग गेला आणि ऊर्मिला त्याच्याबरोबर गेली.

हेलिकॉप्टर यायला तास लागला. तोवर कपिल खाली तिच्याजवळ होता. मी वर अन्वीला धरून बसलो होतो. अन्वीने मला जर्मनमध्ये विचारलं, “आबा, तू मला आईला काय सांगायला सांगत होतास?” मी म्हटलं, “काही नाही.” तिने परत कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझे निरोप पोचवेनाशी झाली. मी सांगितलं तर खांदे उडवते आणि निघून जाते.

तिकडच्या इस्पितळात पाच आठवडे, मग इकडे ऑपरेशन, मग येनापासून पाऊण तासावर टेकडीवरचं पुनर्वसनाचं क्लिनिक. कमरेखाली काही हललं नाही. मे महिन्यात डॉक्टरबाईंनी कपिल आणि ऊर्मिलाला बसवून सांगितलं की आता हलणार नाही. कपिलने घरी येऊन मला ते एका वाक्यात सांगितलं आणि भांडी घासायला घेतली.

तेव्हापासून त्याचा तो प्रश्न वाढला. आधी तो महिन्यातून एकदा विचारायचा, मग दर रविवारी. मला वाटतं, पाय परत येणार असते तर त्याने विचारलं नसतं.

आमचं येनातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कपिलने लोबेडा भागात तळमजल्याच्या घरासाठी अर्ज केला होता. दारं रुंद, उंबरा नाही, न्हाणीघरात बसायची सोय. असं घर मिळायला वर्षानुवर्षं लागतात, पण जुलैच्या सुरुवातीला पत्र आलं की मिळालं. त्याच आठवड्यात अन्वी फोनवर आईशी बोलत होती आणि मला हॅनोव्हर, हॅनोव्हर असं ऐकू आलं. हॅनोव्हरला ऊर्मिलाची थोरली बहीण सुमेधा राहते. तिचं घर बैठं आहे. मी अन्वीला विचारलं तर या वेळी तिने मराठीत उत्तर दिलं, “आई येणार नाही लोबेडाला. मावशीकडे जाणार. मी पण.”

“बाबांना माहीत आहे?”

“नाइन,” ती नाही अशी मान हलवत म्हणाली.

मी दोन दिवस विचार केला. मला वाटलं, ती त्या प्रश्नापायी जातेय. रविवारमागून रविवार नवऱ्याने ‘तू का गेलीस’ म्हणून विचारायचं आणि हिने फोटो फोटो म्हणत खोटं सांगायचं. त्याला खरं कळलं तर प्रश्न संपेल. मग ती घरी येईल. मला दुसरं काही सुचलं नाही.

रविवारी क्लिनिकच्या आवारात कपिलने गाडी उभी केली. अन्वी पुढे पळाली. मी पट्टा काढला नाही.

“आप्पा, चला.”

“थांब. ती फोटो काढत नव्हती.”

मी त्याला सगळं सांगितलं. पोट, सिमेंट, चिखल, माझ्या बुटांचा आवाज. तो समोरच्या काचेतून बघत ऐकत होता.

“तुम्हाला दिसलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“किती आधी?”

“सात-आठ पावलं.”

“आणि तुम्ही अन्वीला हाक मारलीत.”

“हो.”

“ऊर्मिला. तीन अक्षरं आहेत. नाही तर नुसतं ‘अगं’ म्हणायचं. ‘ए’ म्हणायचं. तुम्ही कुत्र्याला ‘हाड’ म्हणता, ते तरी म्हणायचं.”

मग तोच पुढे म्हणाला, “आदल्या दिवशी मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं.”

“तू सांगितलंस ते काही अशा वेळेसाठी नव्हतं.”

“गेनाऊ, बरोबर,” तो म्हणाला. “त्यासाठी नव्हतं.” आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. हात चालवायच्या जागी होते, गाडी बंद होती.

आत गेलो तेव्हा ऊर्मिला खिडकीपाशी खुर्चीत होती. अन्वी खाली कॅन्टीनमध्ये आईस्क्रीम आणायला गेली होती. कपिलने स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, “आप्पांनी सांगितलं.”

तिने त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. “का सांगितलंत?”

मला सरळ केलेला तिचा पहिला प्रश्न तो. मी म्हणालो, “तो तुला बोलायचा. मला ऐकवत नव्हतं.”

“मला ऐकवत होतं ना. नऊ महिने फोटो फोटो म्हणतेय, ते काय खोटं बोलायची हौस म्हणून? मी त्या दिवशी तुमच्या डोळ्यांकडे बघत होते, आप्पा. तुम्ही माझ्या पायाखाली बघत होतात. मला पडायच्या आधीच कळलं होतं की तुम्हाला काहीतरी दिसलंय.”

“मग तू मला का नाही सांगितलंस?” कपिल म्हणाला.

“सांगून काय झालं असतं? तू माझ्यावर चिडायचास, पण यायचास, बोलायचास. जाताना उशी नीट करायचास. आता कोणावर चिडशील? यांच्यावर? दोन दिवस चिडशील. मग म्हणशील, मीच त्यांना गप्प केलं होतं. मला तू माहीत नाहीस का?”

कपिलने खाली बघितलं. “आता मी विचारणार नाही. लोबेडाचं घर मिळालंय, ऊर्मिला. बघून आलो की पुढच्या महिन्यात किल्ली मिळेल. उंबरासुद्धा नाहीये.”

“मी सुमेधाकडे चाललेय.”

“का? आता तर सगळं—”

“आता तर नाहीच,” ती म्हणाली. “आधी जरा तरी विचार होता. आता त्या घरात तुम्ही दोघं. मी दारातून खुर्ची नेली की दोघं मान खाली घालणार. चहा मागितला की दोघं उठणार. सुमेधाकडे मी नुसती डोंगरावरून पडलेली बाई असेन, कपिल. कोणामुळे नाही. मला तेवढंच हवंय.”

“आणि अन्वी?”

“अन्वीला विचार तू. तिला त्या घरात कोणाशी बोलायचंय ते विचार.”

अन्वी आईस्क्रीमचे चार कप घेऊन आली. तिने चौघांना एकेक दिला. आम्ही खाल्लं. कपिलने ऊर्मिलाला काही विचारलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. तो सफरचंद कापायचा, बशीत मांडायचा, आणि बशी तिच्या हातात न देता शेजारच्या टेबलावर ठेवायचा. ती म्हणाली तसंच झालं. फक्त तिने सांगितलेले माझ्यावर रागवायचे दोन दिवसही आले नाहीत. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. सकाळी माझ्या बीपीच्या गोळ्या काढून ठेवायचा, ऑफिसला जायचा, आल्यावर बाल्कनीत उभा राहायचा.

एकदा मी त्याला म्हणालो, “बाळा, तू मला बोल काहीतरी.”

तो म्हणाला, “काय बोलू, आप्पा?” खरंच विचारत होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमेधा आणि तिचा नवरा खुर्ची चढवता येते अशी भाड्याची गाडी घेऊन आले. ऊर्मिला आणि अन्वीला घेऊन ते क्लिनिकवरूनच परस्पर हॅनोव्हरला गेले. अन्वीच्या दोन पेट्या आदल्या दिवशी कपिलने तिसऱ्या मजल्यावरून उतरवल्या होत्या. गाडीचा मागचा फळा तिला खुर्चीसकट वर उचलत असताना ऊर्मिला माझ्याकडे बघून म्हणाली, “गोळ्या वेळेवर घ्या.” मी मान हलवली. अन्वी गाडीत आधीच बसली होती. तिच्या कानात गाण्याच्या वायरी होत्या.

लोबेडाच्या घराची भेट आधीच ठरलेली होती. कपिलने ती रद्द केली नाही. मला वाटलं, त्याच्या मनात अजून काही आहे, म्हणून मीही त्याच्याबरोबर गेलो. घर दाखवणारी बाई वेळेवर आली. तिने खोल्या दाखवल्या. न्हाणीघरातला दांडा धरून स्वतः लोंबकळून दाखवलं, किती पक्का आहे ते. खिडक्या खाली होत्या, बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून. बाहेर हिरवळ, तिच्यापलीकडे ट्रामचा रूळ. कपिल सगळं नीट ऐकत होता, मधे मधे “जा, जा” असा जर्मनमधला होकार देत होता. शेवटी तिने विचारलं की किती जण राहणार.

कपिलने तिला सांगितलं की घर नको.

तिने हातातली फाईल उघडली. म्हणाली असावी की हे आधी कळवायचं असतं, लोक थांबलेत यादीत. कपिलने माफी मागितली. तिने फाईल मिटली, दिवे बंद केले आणि आम्ही तिघं बाहेर आलो. ती तिच्या सायकलवर बसून गेली.

आम्ही गाडीत बसलो. कपिलने गाडी सुरू केली नाही.

“तुम्हाला घरी जायचंय का, आप्पा?” त्याने विचारलं. घर म्हणजे कुठलं ते मला लगेच कळलं.

“तू म्हणशील तसं.”

“नोव्हेंबरच्या आधीचं तिकीट बघतो,” तो म्हणाला. “नंतर महाग होतात.”